खुब्याचे दुखणे : ऑपरेशनच्या आधी पुष्कळ काही करता येते

आपल्या वस्त्यांत गुडघेदुखीविषयी सगळे बोलतात, खुब्याच्या दुखण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. एक तर हे दुखणे जांघेत असते आणि जांघेत दुखते हे सांगायला बाया लाजतात, पुरुषही टाळतात. दुसरे म्हणजे सुरुवातीला ‘कंबर भरली’, ‘शीर आखडली’, ‘वात आला’ असे म्हणून ते अंगावर काढले जाते. धुणीभांडी करणाऱ्या ताई बाम चोळून कामावर जातात. बिगारी काम करणारा दादा दुकानातून गोळी आणून पुन्हा पाटी उचलतो. असे वर्ष-दोन वर्षे चालते. मग पाय लंगडू लागतो, मांडी घालून बसता येत नाही, आणि मोठ्या दवाखान्यात ‘ऑपरेशन लागेल’ असे सांगितले जाते. खर्चाचा आकडा ऐकून माणूस घरी येतो आणि घरीच बसतो. त्याच्याबरोबर घराची रोजीही बसते.

बाम आणि ऑपरेशन या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ उपचार आहेत. त्यांतल्या बऱ्याच उपचारांना पैसा कमी आणि चिकाटी जास्त लागते. मात्र त्यांचा उपयोग व्हायचा तर दुखण्याचे कारण आधी कळले पाहिजे. कारण शोधल्याशिवाय दुःख दूर होत नाही, ही शिकवण आपल्या धम्मातच आहे. आरोग्याच्या बाबतीतही तिचा विसर पडू नये, म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे. आपल्या समाजातल्या कित्येक घरांना लागू असलेल्या सिकलसेल या कारणाविषयीही आम्ही स्पष्ट लिहिणार आहोत.

दुखते नेमके कुठे?

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. हा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो आणि फिरतो. हाच खुब्याचा सांधा. तो शरीरात खोल, जांघेच्या मागे असतो. म्हणून सांध्यातच बिघाड असेल तर दुखणे बहुधा जांघेत जाणवते. कधी ते मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते. गुडघ्याचा एक्स-रे चांगला निघतो, तरी गुडघा दुखतच राहतो, अशा वेळी खुबा तपासून घ्यावा. मांडी घालताना, उकिडवे बसताना, पायाची नखे काढताना किंवा रिक्षात चढताना पाय अडतो, हीदेखील सांध्याच्या बिघाडाची खूण आहे.

दुखणे खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, हाताला हाड लागते तिथे असेल आणि त्या कुशीवर झोपले की वाढत असेल, तर बहुतेक वेळा सांधा ठीक असतो. तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांना सूज आलेली असते. हा त्रास चाळिशी उलटलेल्या बायांमध्ये जास्त दिसतो आणि त्याला सहसा ऑपरेशन लागत नाही.

दुखणे ढुंगणात असेल आणि पायाच्या मागून पोटरीपर्यंत मुंग्या किंवा कळ जात असेल, तर मूळ बहुधा कमरेच्या मणक्यात असते. तिन्ही ठिकाणच्या दुखण्याला आपण ‘खुबा दुखतो’ असेच म्हणतो, पण उपचार वेगवेगळे आहेत. म्हणून डॉक्टरांसमोर लाज बाजूला ठेवून दुखण्याच्या जागेवर बोट ठेवून दाखवावे.

कारणे कोणती?

वय वाढले की गोळ्यावरचे आणि वाटीवरचे गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, झिजते. ही झीज साठीच्या पुढे जास्त दिसते. लहानपणी खुब्याला इजा झाली असेल किंवा खुब्याची ठेवणच वेगळी असेल, तर ती लवकर सुरू होते.

पंचविशी-तिशीच्या तरुणाला सकाळी उठल्यावर कंबर आणि खुबा अर्धा-पाऊण तास आखडलेला वाटत असेल आणि हालचाल केल्यावर मोकळे वाटत असेल, तर तो सुजेचा संधिवात असू शकतो. त्याची औषधे वेगळी आहेत आणि ती वेळेवर सुरू झाली तर सांधा वाचतो.

खुब्याला टीबीही होतो. बारीक ताप, वजन घटणे, रात्री दुखून जाग येणे ही त्याची लक्षणे. टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. लवकर कळले तर खुब्याचा टीबी बहुधा औषधांनीच बरा होतो.

आणखी एक कारण तरुणांचे खुबे बिघडवते. गोळ्याकडे जाणारा रक्तपुरवठा बंद पडतो, हाड उपाशी राहून मरते आणि काही महिन्यांनी गोळा खचतो. डॉक्टर याला ‘एव्हीएन’ म्हणतात. सुरुवातीला साधा एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो, आजार एमआरआयमध्येच दिसतो. म्हणून ‘फोटोत काही नाही’ असे ऐकूनही जांघेतले दुखणे थांबत नसेल, तर एमआरआयची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. एव्हीएन होण्याची तीन मोठी कारणे आहेत : सिकलसेल, दारू आणि स्टिरॉइड. तिन्हींशी आपल्या वस्त्यांचा संबंध आहे.

सिकलसेल : लपवू नका, तपासा

सिकलसेल आदिवासी समाजांत आढळतो, तसा विदर्भातल्या आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो. नागपूर भागातली त्याची नोंद १९५८ सालापासून वैद्यकीय लिखाणात आहे. पोटापाण्यासाठी विदर्भातून मुंबई, पुणे, नाशिककडे आलेल्या कुटुंबांबरोबर तो या शहरांच्या वस्त्यांतही आला आहे.

हा आजार आईवडिलांकडून येतो. एकाच बाजूने दोष आला तर माणूस ‘एएस’, म्हणजे नुसता वाहक असतो. त्याला सहसा त्रास होत नाही. दोन्ही बाजूंनी आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून अंग ठणकते, रक्त कमी होते. खुब्याच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या आधीच बारीक असतात. त्या अडल्या की गोळा मरू लागतो. सिकलसेलच्या रुग्णांत हे तिशी-पस्तिशीच्या आतच, कित्येकदा शाळेच्या वयातही घडते.

ही मागच्या जन्माच्या कर्माची फळे नव्हेत. ती समजूत बाबासाहेबांनी आपल्याला केव्हाच सोडायला सांगितली. जिथे मलेरिया फार होता तिथे सिकलसेलचे वाहक मलेरियातून जास्त वाचले, म्हणून पिढ्यानपिढ्या हा दोष टिकला. यात कोणाचा अपराध नाही आणि कोणाची बदनामीही नाही. तरी लग्न मोडेल या भीतीने घरे तपासणी टाळतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पत्रिका जुळवण्यापेक्षा रक्ताचा अहवाल जुळवणे हेच आपल्या विचाराला धरून आहे.

तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात आणि रुग्णालयात होते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. आधी साधी चाचणी होते. ती सदोष आली तर वाहक की रुग्ण, हे पुढच्या चाचणीत कळते. रुग्णाला डॉक्टर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध देतात. ते नियमित घेतले तर वेदनेचे झटके कमी होतात. ते स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नये. सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, त्यामुळे नियमांत बसणाऱ्या रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते.

घरात सिकलसेलचा रुग्ण असेल आणि त्याला दोन-तीन आठवडे जांघेत किंवा गुडघ्यात दुखत असेल, तर ‘नेहमीचा झटका’ म्हणून सोडून देऊ नका. खुबा तपासून घ्या. अशा रुग्णाने दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, कारण थंडीने झटका येऊ शकतो. कोमट शेक द्यावा आणि पाणी भरपूर प्यावे.

या रुग्णांना धीर देणारी एक माहिती सांगतो. अमेरिकेत सिकलसेलच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खुब्याच्या हाडात छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया करून नंतर व्यायाम दिले आणि ज्यांना फक्त फिजिओथेरपीचे व्यायाम दिले, त्या दोन गटांत सुमारे तीन वर्षांनी मोठा फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, म्हणून त्यावरून प्रत्येकाचा निर्णय होत नाही. पण शिस्तीने केलेला व्यायाम हा खरा उपचार आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

दारू आणि ‘लगेच उतरवणारी’ सुई

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. वर्षानुवर्षे जास्त दारू पिणाऱ्याच्या रक्तात चरबी वाढते, हाडाच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि खुब्याचा गोळा मरतो. लिव्हरचे नाव सगळ्यांना माहीत आहे, खुब्याचे माहीत नाही. दुखणे सुरू झाल्यावर दारू पूर्ण सोडणे हा उपचाराचाच भाग आहे. दुखणे विसरण्यासाठी प्यालेली दारू तेच दुखणे वाढवते. मात्र रोज खूप पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर हातपाय थरथरणे, भ्रम, झटके येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

स्टिरॉइडचे तसेच. दम्याला, काही संधिवातांना, त्वचेच्या आजारांना ही औषधे लागतात आणि जीवही वाचवतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली स्टिरॉइडची गोळी एकदम बंद करू नये, तसे करणे धोक्याचे असते. घात होतो तो नाव-पत्ता नसलेल्या औषधाने. ‘एका सुईत दुखणे गायब’ करणारा गल्लीतला दवाखाना, बाजारात मिळणारी सांधेदुखीची पुडी, लेबल नसलेल्या गोळ्या यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत बरे वाटते, भूक वाढते, तोंडावर तकाकी येते, म्हणून माणूस परत परत जातो. महिने उलटतात, आणि ज्या दुखण्यासाठी औषध घेतले त्याहून मोठे दुखणे खुब्यात जन्माला येते. कोविडच्या काळात स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांतही एव्हीएन दिसू लागल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. प्रत्येक औषधाचे नाव कागदावर लिहून मागणे हा आपला हक्क आहे. नाव सांगत नाही, त्याचे औषध घ्यायचे नाही.

पहिला उपचार : सांध्यावरचा भार कमी करा

चालताना एका पायावर अंग तोलले जाते तेव्हा त्या खुब्यावर आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. म्हणजे पाच किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला खुब्यावरचा सुमारे पंधरा किलोचा भार उतरतो. त्यासाठी उपास नकोत. साखरेचा चहा, फरसाण, वडापाव आणि तळण कमी करावे. डाळ, उसळ, अंडी, भाजी वाढवावी. अंगाने आधीच बारीक असलेल्यांनी आणि सिकलसेलच्या रुग्णांनी वजन घटवू नये.

काठी हा सर्वांत स्वस्त उपचार, पण पुष्कळ लोक ती चुकीच्या हातात धरतात. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी. डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात, आणि डावा पाय टाकताना काठीही पुढे. उभे राहून हात सरळ सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. खाली रबरी टोपी हवी. पिशवी किंवा पाण्याची कळशी उचलावीच लागली तर ती दुखऱ्या बाजूच्या हातात घ्यावी. हे ऐकायला उलटे वाटते, पण त्याने त्या खुब्यावरचा ताण कमी होतो. मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळशा वेगवेगळ्या खेपेत आणाव्यात.

काठी घेतली की म्हातारपण दिसते, असे म्हणून कितीतरी जण तिला नकार देतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या व्यासपीठावर बाबासाहेब आले ते एका हातात काठी आणि दुसरा हात सहकाऱ्याच्या खांद्यावर ठेवून. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने ते त्रस्त होते. आधार घेऊन माणूस लहान होत नाही.

जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा, उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकावा. चाळीत किंवा एसआरएच्या इमारतीत लिफ्ट बंद पडते तेव्हा हे फार उपयोगी पडते.

घरात आणि कामावर काय बदलायचे?

उकिडवे बसणे आणि मांडी घालणे यांत खुबा सर्वांत जास्त मुडपतो. दुखणे असेपर्यंत ते टाळावे. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची भोकाची खुर्ची बाजारात मिळते. सार्वजनिक संडासात जाताना हलकी प्लास्टिकची खुर्ची बरोबर नेता येते. भांडी आणि कपडे खाली बसून धुण्याऐवजी ओट्यावर किंवा उंच स्टुलावर बसून धुवावेत. घरकाम करणाऱ्या ताईंनी फरशी उकिडवे बसून पुसण्याऐवजी दांडीचे पुसणे मालकिणीकडे मागावे. ते मागणे म्हणजे कामचुकारपणा नाही.

गुडघ्यापेक्षा खुबा खाली जाईल अशा खोलगट जागी बसू नये. झोपताना न दुखणाऱ्या कुशीवर वळावे आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवावी. बाहेरच्या बाजूला दुखणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. त्यांनी एका पायावर भार देऊन तिरके उभे राहणे आणि पायावर पाय टाकून बसणेही सोडावे.

विहारात वंदनेला खुर्चीवर बसायला बऱ्याच आजी संकोचतात. खुर्चीवर बसून केलेली वंदना कमी होत नाही. आमची प्रत्येक विहार समितीला विनंती आहे, दोन-चार खुर्च्या मागे कोपऱ्यात न ठेवता सगळ्यांच्या रांगेत ठेवा.

व्यायाम : दहा बाय दहाच्या खोलीतही होतो

झीज असो वा बाहेरच्या बाजूचे दुखणे, व्यायामाचा उपचार पहिल्या रांगेत आहे. खुब्याभोवतीचे स्नायू बळकट झाले की ते सांध्याचा भार वाटून घेतात. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेणे उत्तम. मोठ्या सरकारी आणि महानगरपालिकेच्या रुग्णालयांत हा विभाग असतो. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसनाची स्वतंत्र संस्थाही आहे. साधारण सुरुवात अशी करता येते :

१. उताणे झोपून गुडघे वाकवा, पाय जमिनीवर टेकवा. ढुंगण आवळून हळूहळू वर उचला, पाच आकडे मोजा, खाली आणा. असे दहा वेळा.

२. न दुखणाऱ्या कुशीवर झोपा. वरचा पाय गुडघ्यात सरळ ठेवून वीतभर वर उचला, किंचित मागे ठेवा, पाच आकडे थांबा. असे दहा वेळा.

३. ओटा धरून उभे राहा. दुखरा पाय सरळ बाजूला न्या, परत आणा. नंतर सरळ मागे न्या, परत आणा. अंग वाकू देऊ नका. प्रत्येकी दहा वेळा.

४. भिंतीला टेकवलेल्या उंच खुर्चीवर बसा. हाताचा आधार न घेता उभे राहा, हळू बसा. सुरुवातीला पाच वेळा, पुढे दहा.

५. पलंगाच्या कडेला उताणे झोपा. चांगला गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि दुखरा पाय कडेवरून खाली लोंबू द्या. जांघेत ताण जाणवेल. अर्धा मिनिट थांबा. असे तीन वेळा. बाहेरच्या बाजूचे दुखणे असेल तर हा पाचवा व्यायाम आधी विचारून करावा.

पहिले चार व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरले पाहिजे. उतरले नाही तर पुढच्या वेळी निम्मे करा, पण बंद करू नका. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. बरेच जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात आणि ‘व्यायामाने काही होत नाही’ असे म्हणतात. सपाट जागी चालणे आणि जमल्यास सायकल हेही चांगले. एव्हीएन असेल, तर किती चालायचे, कुबड्या लागतील का आणि कोणता व्यायाम चालेल हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण मऊ झालेला गोळा भाराने खचू शकतो.

गोळ्या आणि इंजेक्शने : काय घ्यावे, कशावर पैसे घालवू नयेत?

पॅरासिटामॉल तुलनेने कमी धोक्याचे आहे, पण खुब्याच्या झिजेत त्याचा उपयोग थोडाच होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या जास्त काम करतात. त्या जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत, थोडे दिवसच घ्याव्यात. किडनीचा आजार, पोटात व्रण, रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. सिकलसेलच्या रुग्णांनीही विचारूनच घ्याव्यात. जनऔषधी केंद्रात हीच औषधे कमी किमतीत मिळतात.

बाम आणि जेल गुडघ्याला उपयोगी पडतात. खुब्याचा सांधा मात्र इतका खोल असतो की औषध तिथपर्यंत फारसे पोचत नाही. शेकाने स्नायू सैल होतात, तेवढा आराम जरूर घ्यावा.

सांध्यात देण्याचे स्टिरॉइडचे इंजेक्शन वेगळे आणि ढुंगणात टोचलेली सुई वेगळी. पहिले अस्थिरोगतज्ज्ञ सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या यंत्रात पाहत नेमके सांध्यात देतात. झीज असलेल्यांना त्याने काही आठवडे ते दोन-तीन महिने आराम मिळतो, आणि त्या मुदतीत व्यायाम नीट करता येतो. ते पुन्हा पुन्हा घ्यायचे नसते.

ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्या, खुब्यात ‘वंगण’ म्हणून दिले जाणारे हायलुरोनिक अॅसिडचे इंजेक्शन, ‘स्टेम सेल’ने कूर्चा उगवण्याची जाहिरात, यांवर कर्ज काढून पैसे घालू नका. पहिल्या दोन्हींचा खुब्याला खात्रीचा फायदा दिसलेला नाही, आणि कूर्चा पुन्हा उगवून देणारा सिद्ध उपचार आज उपलब्ध नाही. एव्हीएनच्या सुरुवातीला काही डॉक्टर हाड टिकवण्याच्या गोळ्या देतात. त्यांचा गुण प्रत्येकाला सारखा येत नाही, म्हणून किती दिवस घ्यायच्या आणि तपासणी पुन्हा कधी, हे विचारून घ्यावे. हाड बसवणाऱ्याकडून खुबा ओढून किंवा दाबून घेणे टाळावे. आत गोळा खचलेला किंवा हाड मोडलेले असेल तर त्याने नुकसानच होते.

थांबू नका, आजच दाखवा

• पडल्यानंतर पायावर उभे राहता येत नाही, किंवा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसतो. म्हाताऱ्या माणसाचे साधे घसरणेही खुब्याचे हाड मोडू शकते.

• ताप आहे आणि खुबा हलवताही येत नाही.

• लहान मूल लंगडते, किंवा मांडी-गुडघा दुखतो म्हणून खेळायला जात नाही.

• रात्री झोपमोड करणारे दुखणे आणि त्याबरोबर वजन घटणे.

• बसण्याच्या जागी बधिरपणा किंवा लघवी अडकणे.

• सिकलसेलच्या रुग्णाला दुखण्याबरोबर ताप.

आणि ऑपरेशन लागलेच तर?

काठी, वजन, व्यायाम, औषध हे सगळे तीन ते सहा महिने प्रामाणिकपणे केले, तरी रात्रीची झोप लागत नाही, बाजारापर्यंत चालवत नाही, कामावर जाता येत नाही. किंवा गोळा पूर्ण खचला आहे, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा योग्य उपचार आहे. तिला घाबरून आयुष्य खाटेवर काढू नये. कृत्रिम सांधे बहुतेकांना पंधरा-वीस वर्षे आणि त्याहूनही जास्त साथ देतात. आधी केलेले व्यायाम इथेही वाया जात नाहीत. बळकट पाय ऑपरेशननंतर लवकर उभा राहतो.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. आपले ऑपरेशन योजनेत बसते का, कोणत्या रुग्णालयात होते, कोणती कागदपत्रे लागतात, हे त्याला आधीच विचारावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. काउंटरवर ‘जागा नाही’ म्हटले तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, तिथेही दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावा. ही कोणाची मेहेरबानी नाही, हा हक्क आहे.

डॉक्टरांकडे जाताना चार प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या : माझ्या दुखण्याचे नाव काय? ऑपरेशन न करता काय करता येईल आणि किती दिवस? गोळ्यांचे वाईट परिणाम कोणते? पुन्हा कधी यायचे? जुने केसपेपर, एक्स-रे आणि चालू औषधांची पाकिटे एका पिशवीत नेहमी तयार ठेवा.

ओपीडीची रांग एकट्या दुखऱ्या माणसाला झेपत नाही. भिक्खू संघात आजारी पडलेल्या आणि सगळ्यांनी सोडून दिलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हाताने स्वच्छ केले, त्याची सेवा केली, ही कथा आपण विहारात ऐकतो. तिचा अर्थ आपल्या वस्तीत इतका साधा आहे : शेजारच्या मावशींबरोबर एक दिवस रांगेत उभे राहणे, महिला मंडळाने दोन काठ्या आणि एक संडासची खुर्ची गरजूंना वापरायला ठेवणे, येत्या बुद्ध जयंतीला विहारात सिकलसेलच्या तपासणीचे शिबिर भरवण्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्राला पत्र देणे. पत्र कसे लिहायचे याची अडचण असेल तर आम्हाला कळवा, आम्ही लिहून देऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!